खळदकरांची गढूळ बियर

समोरचं घर विकून दिनकर खळदकर न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला गेले, त्याला आता दोन वर्षं होत आली. त्या घरात हल्ली एक तरुण जोडपं राहतं. सभ्य माणसं आहेत. लांबून हात हलवतात आणि आपलं आपण बघतात. रस्ता इतका शांत झालाय की दुपारच्या मीटिंगमध्ये मला चक्क डुलकी लागते. खळदकर असताना ती सोय नव्हती.

खळदकर माझ्या घरात कधीही बसले नाहीत. खुर्ची पुढे केली की तिच्या पाठीवर हात टेकून उभे राहायचे, चहा उभ्यानेच प्यायचे आणि बोलता बोलता स्वयंपाकघरातल्या कपाटाची सैल बिजागरी दाबून बघायचे. पुढच्या खेपेला खिशातून स्क्रूड्रायव्हर निघायचा. ‘फक्त बघतो, हात लावत नाही’ हे त्यांचं पालुपद. हे वाक्य कानावर पडलं की ती वस्तू थोड्याच वेळात टेबलावर सुटी होऊन पडलेली असणार, हे मी धरूनच चालायचे. माझा स्मोक अलार्म, प्रिंटर, गॅरेजच्या दाराची मोटर, सगळ्यांनी हा अनुभव घेतला आहे. मी सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलला राहायला आले तेव्हा माझा घटस्फोट ताजा होता. त्यांनी तोही फक्त बघायची तयारी दाखवली, तेव्हा सुनीतावहिनी त्यांना दंडाला धरून घरी घेऊन गेल्या.

वयाने ते माझ्यापेक्षा चांगले पंधरा वर्षांनी मोठे. पहिल्या दिवशी मी रीतसर काका म्हणाले तर म्हणाले, केस लॅबमुळे पांढरे झालेत, काका म्हणायचं काम नाही. मग मी त्यांना दिनकरराव म्हणू लागले. त्यात थोडी थट्टा होती, ती त्यांना आवडायची.

ते एका बायोटेक कंपनीत होते. मोठमोठ्या टाक्यांत पेशी वाढवायच्या आणि तयार होणाऱ्या गढूळ पाण्यातून औषध तेवढं गाळून, स्वच्छ करून बाहेर काढायचं, हे त्यांच्या विभागाचं काम. उभा जन्म या माणसाने गाळण्यात घालवला होता. आणि तोच माणूस घरी गॅरेजमध्ये जी बियर करायचा, ती भाताच्या पेजेसारखी दिसायची.

ती बियर मी पहिल्याच आठवड्यात प्यायले. शेजारधर्म म्हणून ते बाटली घेऊन आले आणि ओतायची कशी याचं प्रवचन सुरू झालं. ग्लास तिरपा धरायचा, एका धारेत ओतायची, मध्ये थांबायचं नाही आणि तळाशी बोटभर राहिली की हात आवरायचा. मी नागपूरची. बाटलीत काही ठेवायचं असतं हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. मी सगळी उपडी केली. त्यांनी माझ्या हातातून ग्लास काढून घेतला, सिंकमध्ये रिकामा केला, दुसरी बाटली उघडली आणि स्वतः ओतली. तीही वरपासून खालपर्यंत तितकीच गढूळ होती. मी विचारलं, मग फरक काय पडला? ते म्हणाले, चव बघ.

चव खरोखर चांगली होती. भाजलेल्या पावाच्या कडेसारखी, मागून किंचित संत्र्याच्या सालीची. चवीबद्दल त्यांना कधीच कोणी नावं ठेवली नाहीत. मी समजूत घालायला म्हणाले की सिअ‍ॅटलमध्ये लोक मुद्दाम गढूळ बियर मागतात, जास्त पैसे देऊन पितात. त्यावर ते म्हणाले, "ते मुद्दाम करतात. माझी होते."

ती तशी का होते, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. आंबण्याचं काम संपलं की यीस्ट आपोआप तळाशी बसतं, साका जमतो आणि वरची बियर निवळते. त्याला लागते थंडी आणि वेळ, बाकी काही नाही. खळदकर हे कोणालाही फार सुंदर समजावून सांगायचे. आणि सांगता सांगता तो काचेचा अवजड बुधला दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून खिडकीपाशी न्यायचे, निवळली का ते उजेडात दाखवायला. तळाचा साका धुरासारखा वर यायचा. ते बघून ते स्वतःशीच म्हणायचे, अजून नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बुधला खिडकीपाशी. सुनीतावहिनी स्वतः थेंब पीत नसत, पण रोगाचं निदान त्यांनी कधीच केलं होतं. विरजण लावलं की भांडं हलवू नये हे मी यांना लग्नापासून सांगते आहे, असं त्या म्हणायच्या.

वाट बघण्यापेक्षा उपाय करणं त्यांना सोपं वाटायचं. उकळताना समुद्रातलं शेवाळ घालून झालं. जुन्या फ्रिजमध्ये बुधला ठेवून झाला. बाहेर जरा बरी दिसणारी बियर गार केली की पुन्हा धुरकट व्हायची, तेव्हा ते फ्रिजशी भांडल्यासारखे बोलायचे. एकदा तर त्यांनी तुरटी घातली. लहानपणी सांगलीला पावसाळ्यात नळाला नदीचं लाल पाणी यायचं आणि त्यांची आई हंड्यात तुरटीचा खडा फिरवायची. सकाळी पाणी निवळशंख. ही आठवण त्यांना नेमकी इंडियन ग्रोसरीच्या दुकानात, तुरटीच्या पाकिटासमोर झाली. मी म्हणाले, अहो, ती दाढी झाल्यावर गालाला लावतात. ते म्हणाले, रसायन तेच, पाणीही पाणीच. ती बियर त्यातल्या त्यात स्वच्छ दिसली, पण पहिल्या घोटाला माझी जीभ टाळ्याला चिकटली आणि गाल आतून आवळले. खळदकरांनी मात्र आपला ग्लास संपवला. संपवल्यावर काही वेळ त्यांना बोलता आलं नाही, आणि वहिनी म्हणाल्या की तुरटी उगाच बदनाम आहे, फार गुणाची आहे.

मग आलं जिलेटिन. चिमूटभर कोमट पाण्यात विरघळवून घातलं की ते गाळाला धरून तळाशी जातं आणि बियर आरशासारखी होते. तशी ती खरंच झाली. त्या उन्हाळ्यात मिराशी नावाच्या एका ओळखीच्यांच्या बॅकयार्डात महाराष्ट्र मंडळाची माणसं जमली होती आणि खळदकरांनी बाटल्या नेल्या होत्या. सोनेरी, स्वच्छ बियर. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांच्या बियरचा ग्लास उन्हात धरून बघत होते. मिराशी कट्टर शाकाहारी, केकमध्ये अंडं आहे का हे पाकिटावर वाचून बघणारे. तेही ग्लास अर्धा करून वा म्हणाले. एवढ्यात खळदकर मध्ये उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं की हिच्यात जिलेटिन घातलं होतं, ते प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून करतात, ते खाली बसतं, वर जवळजवळ राहत नाही, पण घातलं होतं.

मिराशींनी ग्लास गवतावर इतक्या हळू ठेवला की मला त्यांची कीव आली. आपल्याच घरी आलेल्या पाहुण्याला काय बोलायचं? ते आत जाऊन चूळ भरून आले. कोणी विचारलं होतं का, असं परतताना गाडीत वहिनींनी दबक्या आवाजात विचारलं. मी मागच्या सीटवर होते. "विचारलं नव्हतं म्हणूनच सांगावं लागलं," खळदकर म्हणाले.

हा त्यांचा दुसरा स्वभाव. पहिला हात घालण्याचा आणि दुसरा हात घातला हे स्वतःच जाऊन सांगण्याचा. या दोन्हींनी मिळून त्यांची मुलगी त्यांच्यापासून तोडली.

ईशा इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली, त्यांची एकुलती एक. फार्मसीचं शिक्षण अर्ध्यावर सोडून ती फेरीबोटीने पाण्यापलीकडे जाऊन लाकडी बोटी दुरुस्त करायच्या एका वर्कशॉपमध्ये काम करू लागली. खळदकर तिला काही बोलले नाहीत. त्यांनी त्या वर्कशॉपच्या मालकाला फोन केला. नोकरी पर्मनंट आहे का, इन्शुरन्स मिळतो का, पोरीला जड वजनं उचलायला लावता का, सगळं विचारलं. मालक भला माणूस होता, त्याने शांतपणे उत्तरं दिली आणि तो विषय बहुतेक विसरूनही गेला. ईशाला हे कधीही कळलं नसतं. खळदकरांनी पुढच्या रविवारी तिला फोन करून सांगितलं.

ती काय म्हणाली ते वहिनींनी मला सांगितलं. म्हणाली, मी सव्वीस वर्षांची आहे आणि माझ्या बॉससमोर तू मला सहा वर्षांची केलंस. त्यानंतर ती बाबांशी बोलेनाशी झाली. आईला फोन करायची, आणि इकडे खळदकर जिन्याच्या पायरीवर उभे राहून वहिनींच्या चेहऱ्यावरून काय चाललंय ते ओळखायचा प्रयत्न करायचे. वर्ष उलटलं. या काळात त्यांनी माझ्या घरातली एकही वस्तू मोडकी ठेवली नाही.

मग एका वसंतात ईशाने लग्न ठरवलं. मुलगा तिच्याच वर्कशॉपमधला, डॅनियल. समारंभ सप्टेंबरात, पाण्याकाठी, थोडक्या माणसांत. हे सगळं आईला कळलं. आणि एक मेसेज थेट बाबांना आला. खळदकर तो घेऊन रस्ता ओलांडून आले आणि फोन माझ्या हातात दिला. लिहिलं होतं, बाबा, लग्नाला बियर तू करशील? क्लिअर हवी. आणि व्हीगन, प्लीज.

ईशा दूधदुभतंसुद्धा खात नसे. म्हणजे जिलेटिन गेलं, माशाच्या पोटातल्या पिशवीपासून करतात ती पूड गेली. तुरटी तर गेलीच होती. उरली थंडी आणि हात न लावणं. मी हसले, पण ते हसत नव्हते. "मंजू, तिने मागितलंय," ते म्हणाले. "वर्षभरात पहिल्यांदा काही मागितलंय."

त्यांनी दोन खेपा केल्या आणि दोन्ही बघून बघून बिघडवल्या. तिसऱ्या खेपेला ते बुधला फ्रिजसकट माझ्या गॅरेजमध्ये आणून ठेवते झाले. दाराचा कोड मला बदलायला लावला आणि तोंड भिंतीकडे फिरवून उभे राहिले. आपण काहीही सांगितलं तरी आपल्याला आत येऊ द्यायचं नाही, अशी त्यांची आज्ञा झाली. माझी राखण सुरू झाली.

त्यांची कारणं ऐकण्यासारखी असायची. शिडी हवी असायची. फ्रिजचा आवाज रस्त्यापर्यंत येतोय असं वाटायचं. वीज गेली होती का, आतून वास येतोय का, थर्मामीटर खोटं सांगत असेल तर? मी दारात उभी राहून सगळ्याला नाही म्हणायचे. एका दुपारी मी खिडकीतून बघते तर ते गॅरेजच्या दाराला कान लावून उभे. मी बाहेर जाऊन विचारलं, काय म्हणतेय बियर? "काही नाही, गप्प आहे," असं म्हणून ते घरी गेले. मग फोटो तरी पाठव म्हणाले. मी टॉर्च लावून फोटो काढला. बुधल्याच्या पलीकडे फ्रिजच्या मागच्या भिंतीवर चिकटवलेल्या लेबलची अक्षरं बियरमधून स्वच्छ वाचता येत होती. मलाच विश्वास बसेना. फोटो मिळताच त्यांचा फोन आला. बियर कशी झाली याबद्दल एक शब्द नाही, फोटो काढताना फ्रिजचं दार जोरात उघडलंस का, एवढाच प्रश्न.

ऑगस्टच्या शेवटी ईशाचा मेसेज आला, आईबाबा दोघांना एकत्र. लग्न आत्ता होत नाहीये. मी ठीक आहे. प्लीज, कोणालाही फोन करू नका.

खळदकर भर कामाच्या दिवशी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच ठेवून माझ्या दारात आले. चेहरा उतरलेला. डॅनियलचा नंबर त्यांच्याकडे होता, कारण बियर किती लागेल हे त्याच्याशीच ठरलं होतं. त्या वर्कशॉपच्या मालकाचा नंबर तर होताच. त्यांनी फोन खिशातून काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"हा तुझ्याकडे ठेव," ते म्हणाले. "बियर ठेवलीस तसा."

"बियर ठेवली. फोन नाही ठेवणार," मी म्हणाले. "लँडलाइन आहे तुमच्याकडे, गाडी आहे, फेरी आहे. मी कशाकशाला कुलूप लावू?"

"मग मी काय करू?"

"मला माहीत नाही, दिनकरराव."

बियरला जे मानवतं ते माणसांना मानवतं असं काही नसतं. कदाचित त्या मुलीला कोणीतरी फोन करायला हवाही होता. मला त्यांचा राग येत होता आणि दयाही येत होती. ते म्हणाले, ती बियर ओतून टाक. मी नाही म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही, हे मला जास्त लागलं.

पुढचे आठवडे गल्लीने जे पाहिलं ते इथे अजून सांगतात. खळदकरांनी आपली पन्हळं साफ केली, मग माझी, मग कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या अमेरिकन बाईंची. प्रेशर वॉशर भाड्याने आणून सगळ्यांचे ड्राइव्हवे धुतले. कुंपण रंगवलं आणि रंग पसंत पडेना म्हणून पुन्हा रंगवलं. कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू होती, तिचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. संध्याकाळी टेकडीचा चढ चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. वर उभे राहून फोन काढायचे. मी एकदा मागून येत होते. त्यांनी नंबर काढला, अंगठा वर धरला आणि तो अंगठा इतका वेळ तिथेच राहिला की स्क्रीन आपोआप विझली. मला बघून म्हणाले, हवा बदललीय.

वहिनींना मी विचारलं, तुम्ही तरी फोन करता का? त्या म्हणाल्या, ती मला दर रविवारी करते, हवापाण्याचं बोलते. मी विचारत नाही आणि हे शेजारी उभे राहून विचारत नाहीत. दोघांनी मिळून न विचारणं म्हणजे काय असतं ते तुला सांगता येणार नाही. एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले आणि मला डब्यात अळूची भाजी दिली.

पाऊस लागला, पानं गळली, आणि नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी ईशाची गाडी माझ्या दाराशी थांबली. समोरच्या घराशी नाही, माझ्या. हातावर लाकडाच्या कुसळांचे ओरखडे, केस आखूड कापलेले. ती आत आली नाही.

"मावशी, आय नीड टू आस्क यू समथिंग. बाबाने कोणाला कॉल केला का? डॅनियलला? शॉपवर?"

मी नाही म्हणाले.

"रिअली? एकदाही नाही?"

"एकदाही नाही. सगळ्यांचे ड्राइव्हवे धुतले."

तिने रस्त्यावर नजर फिरवली. एरवी शेवाळलेले आमचे ड्राइव्हवे त्या ओल्या हवेतही पांढरेस्वच्छ दिसत होते. ती हसेल असं मला वाटलं, पण तिचा चेहरा विस्कटला. जरा सावरल्यावर तिने विचारलं, ती बियर अजून आहे का?

मी खळदकरांना फोन करून या एवढंच म्हणाले. ते घरातल्या स्लिपर घालूनच रस्ता ओलांडून आले आणि तिला बघून गॅरेजच्या तोंडाशी थबकले. तिने हॅलो बाबा म्हटलं. त्यांनी मान हलवली. मी फ्रिज उघडला. इतक्या महिन्यांनी बियर अशी झाली होती की रंग सोडला तर बुधला रिकामा आहे असं वाटावं, तळाशी तेवढा साक्याचा घट्ट थर. खळदकर बियरकडे बघतच राहिले आणि त्यांनी हात पुढे केले नाहीत. हलवायला नको, नळीनेच काढू, असं ते म्हणाले.

त्यांनी नळी उचलली. ईशाने ती त्यांच्या हातातून घेतली, टोक साक्याच्या वर नीट धरलं आणि खाली ठेवलेला जग भरू लागला. गॅस भरायचा राहिलाय, फेस येणार नाही, असं खळदकरांनी सांगितलं. इट्स ओके, ती म्हणाली. मी तीन ग्लास आणले आणि मग माझा परत आत नेऊन ठेवला.

ईशाने ग्लास दारातल्या उजेडात धरला. पलीकडचा पाऊस त्यातून सरळ दिसत होता. तिने एक घोट घेतला, मग दुसरा. खळदकरांनी तोंड उघडलं. कसला प्रश्न येतोय हे मला ठाऊक होतं. तो त्यांच्या ओठांपर्यंत आलेला मी पाहिला. लग्न का मोडलं, तो काय म्हणाला, तू कुठे राहतेस, जेवतेस का. त्यांनी तोंड मिटलं आणि दोन्ही हात काखांत घट्ट दाबून धरले.

ईशा ग्लासकडे बघत म्हणाली, "बाबा, ॲक्चुअली मला तुला सांगायचंय."

गॅसवर काहीतरी ठेवलंय असं सांगून मी आत आले. गॅसवर काही नव्हतं. मी ओट्याला टेकून उभी राहिले. मधल्या दाराच्या काचेतून ते पाठमोरे दिसत होते, हात अजून काखांतच, मान खाली, मधूनच हलणारी. शब्द कळत नव्हते. मी तिथे उभी होते तोवर आवाज एकच येत होता, आणि तो ईशाचा होता.